सालेर्नो ते व्हेनिस : जुन्या युरोपीय वैद्यकाच्या वाटेने

इटली पाहणारे बहुतेक जण उत्तरेकडून दक्षिणेला उतरतात. मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातलं वैद्यक पाहायचं असेल तर उलटं जावं, कारण या विषयाचा इतिहासही दक्षिणेकडून उत्तरेला सरकला आहे. सालेर्नोत अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आले. बोलोन्यात ते ग्रंथ प्रेताशेजारी उभं राहून वाचले जाऊ लागले. पादुआत वनस्पती आणि शरीर दोन्ही हातात घेऊन तपासण्याची पद्धत बसली. व्हेनिसमध्ये या साऱ्याचा व्यापार आणि कायदा झाला.

निघायचा वार नीट निवडा. सोमवारी यातली बरीच ठिकाणं बंद असतात आणि शेवटचं ठिकाण, म्हणजे व्हेनिसजवळचं लाझ्झारेत्तो नुओव्हो हे बेट, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात फक्त शनिवार-रविवारी पाहता येतं. म्हणून मंगळवारी सुरुवात आणि रविवारी शेवट. वेळा दरवर्षी बदलतात, तिकीट काढण्याआधी त्या पाहून घ्याव्यात.

मंगळवार : सालेर्नो

नेपल्सहून जलद गाडीने सालेर्नो पाऊण तासाच्या आत येतं. स्टेशनपासून जुन्या गावातून चढत गेलं की अर्ध्या तासात ‘मिनर्व्हाची बाग’ लागते. शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आहे, सकाळीच जावं. बाग डोंगरउतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. ही जागा सिल्वातिको घराण्याची. त्यातल्या मात्तेओ सिल्वातिकोने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला औषधी द्रव्यांचा मोठा कोश लिहिला आणि नेपल्सच्या रॉबर्ट राजाला अर्पण केला.

बागेतला सर्वांत खालचा टप्पा आधी पाहा. तिथे झाडं कुळाप्रमाणे लावलेली नाहीत, गुणाप्रमाणे लावलेली आहेत. उष्ण, शीत, आर्द्र, रुक्ष हे चार गुण आणि प्रत्येक गुणाचे चार अंश. पहिल्या अंशाचं द्रव्य जेमतेम जाणवतं, चौथ्या अंशाचं जीव घेऊ शकतं. सालेर्नोच्या बाराव्या शतकातल्या द्रव्यग्रंथात गुलाब पहिल्या अंशात शीत आणि दुसऱ्यात रुक्ष आहे. मिरी चौथ्या अंशापर्यंत उष्ण, तर अफू चौथ्या अंशाची शीत. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस. रोग म्हणजे त्यांचा बिघडलेला तोल, आणि औषध म्हणजे उलट गुणाचं, तितक्याच अंशाचं द्रव्य. दुसऱ्या अंशाच्या उष्ण विकारावर चौथ्या अंशाचं शीत द्रव्य दिलं तर रोगी रोगाऐवजी औषधाने जाणार, हे गणित वैद्याला पाठ असावं लागे.

मराठी वाचकाला इथे वात-पित्त-कफ आठवणारच. तुलना जरूर करावी, पण जपून. या चौकटीत वात हा दोष नाही, रक्त हा स्वतंत्र रस आहे, आणि काळ्या पित्ताला आपल्याकडे जोडीदार नाही. दोन्हींत पित्त हा शब्द आला म्हणून दोन्ही एक धरली की पुढचं सगळं चुकतं.

बागेत मंद्रागोरा ही गुंगी आणणाऱ्या मुळाची वनस्पती शोधायची असेल तर वसंतात या. भर उन्हाळ्यात तिची पानं सुकून जातात आणि वाफा रिकामा वाटतो. सालेर्नोच्या परंपरेतला भुलीचा स्पंज याच मुळाशी जोडलेला आहे. अफू, मंद्रागोरा, खुरासनी ओवा, हेमलॉक, तुती, आयव्ही आणि लेट्यूस यांचे रस एकत्र करून त्यात समुद्री स्पंज भिजवत आणि उन्हात पूर्ण वाळवून ठेवत. शस्त्रक्रियेच्या वेळी तो गरम पाण्यात ओला करून नाकाशी धरत. जागं करायला व्हिनेगर किंवा बडीशेपेचा रस. अडचण अशी की या वनस्पतींतली गुंगीची द्रव्यं वाफेबरोबर फारशी उडत नाहीत. नुसत्या वासाने असर थोडा होणार. रस तोंडात किंवा घशात उतरला तर मात्र किती उतरला याला माप नाही. शिवाय दर वर्षीच्या मुळाची ताकद वेगळी. हा स्पंज पुढे मागे पडला तो याच बेभरवशाच्या मात्रेमुळे, असं आमचं मत आहे.

या शहराचं खरं भांडवल ग्रंथ होते. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कॉन्स्टंटाइनने, पुढे मोन्ते कास्सीनोच्या मठात राहून, अली इब्न अल-अब्बास अल-मजूसी याच्या वैद्यकग्रंथासह अनेक अरबी पुस्तकं लॅटिनमध्ये आणली. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने वैद्यांसाठी कायदा केला: तीन वर्षं तर्कशास्त्र, पाच वर्षं वैद्यक, मग एक वर्ष जाणत्या वैद्याच्या हाताखाली काम. वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करायची नाही, हेही त्याच कायद्यात. या एका कलमासाठी सालेर्नोला यावं, असं वाटतं.

बुधवार : बोलोन्या

सालेर्नोहून थेट जलद गाडीने चार-साडेचार तास. बोलोन्याचे जलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. परतीची किंवा पुढची गाडी पकडताना पंधरा मिनिटं जास्तीची ठेवा.

दुपारी आर्किजिन्नासिओ. १५६२-६३ मध्ये बांधलेली ही विद्यापीठाची जुनी इमारत. आतलं लाकडी शरीररचना-सभागृह १६३७ चं. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती बाकं, छतावर अपोलो आणि नक्षत्रं. प्राध्यापकाच्या आसनावरचं छत्र दोन त्वचाहीन लाकडी पुरुषांनी तोललं आहे. एर्कोले लेल्लीने ते १७३४ मध्ये कोरले. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हे सभागृह कोसळलं, ढिगाऱ्यातून सापडलेले तुकडे वापरून ते पुन्हा उभं केलं. हे ठाऊक असलं म्हणजे लाकडाच्या रंगातला फरक नजरेला पडतो.

भिंतीवरच्या पुतळ्यांत हातात नाक धरलेला माणूस शोधा. तो गास्पारे ताल्याकोत्सी. तुटलेलं नाक दंडाच्या कातडीने जोडण्याची पद्धत त्याने १५९७ मध्ये सचित्र छापली. दंडाच्या आतल्या बाजूला दोन समांतर छेद घ्यायचे, मधली कातडी पुलासारखी उचलायची आणि खालून तागाची पट्टी सरकवून ठेवायची, म्हणजे ती पुन्हा चिकटत नाही आणि जाड होते. मग एक टोक कापून ते नाकाच्या खुंटाला शिवायचं. हात डोक्याशी घट्ट बांधून साधारण तीन आठवडे तसाच ठेवायचा, तोवर दुसऱ्या टोकाकडून रक्त मिळत राहतं. त्यानंतर दंडापासून सोडवून नाकपुड्या घडवायच्या. सगळ्याला काही महिने लागत. हात जरा हलला तरी टाका तुटे, आणि नवं नाक थंडीत निळं पडे. दुसऱ्या माणसाची कातडी का नको, यावर त्याने दिलेलं मुख्य कारण प्रत्येक शरीराचं वेगळेपण हे होतं.

इथे महाराष्ट्राचा धागा खरोखर जुळतो. कपाळाची कातडी खाली वळवून नाक करण्याची रीत आपल्याकडे जुनी. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ ती शस्त्रक्रिया झाली आणि तिचं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आलं. युरोपच्या शल्यचिकित्सकांनी नाकाचं काम पुन्हा हाती घेतलं ते या बातमीनंतर. कपाळ नाकाच्या शेजारीच असल्यामुळे हात बांधून ठेवायची गरज नव्हती, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा.

संध्याकाळी दहा मिनिटं चालत सान फ्रान्चेस्को चर्चला जा. जानेवारी १५४० मध्ये इथे आंद्रेयास व्हेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने तीन मृतदेहांचं जाहीर विच्छेदन केलं. सोबत मात्तेओ कोर्ती हा वयस्क प्राध्यापक मोन्दीनोच्या १३१६ च्या पाठ्यपुस्तकावर व्याख्यानं देत होता. मोन्दीनोचा क्रम कुजण्याच्या वेगावर बेतलेला: आधी पोट, मग छाती, मग डोकं, शेवटी हातपाय. म्हणूनच विच्छेदनं थंडीत होत.

वादाचा एक मुद्दा होता फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहात रक्त कुठल्या हाताचं काढावं. अरबी परंपरा दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध अंगाचं म्हणे, ग्रीक ग्रंथांकडे परतलेले लोक त्याच अंगाचं. व्हेसालियसने आदल्या वर्षीच छापलं होतं की बरगड्यांकडून येणारी अझायगस नीला हृदयाजवळ उजव्या बाजूनेच मोठ्या नीलेला मिळते, म्हणून रक्त उजव्या हाताचं काढावं. उपचार चुकीचाच होता. पण मतभेद सोडवायला कुणीतरी नीला कुठे जाते ते बघा म्हणालं, आणि आम्हाला या प्रवासात सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट.

गुरुवार : आल्द्रोव्हांदीची कपाटं

सकाळी पालाझ्झो पोज्जी. उलिस्से आल्द्रोव्हांदी (१५२२–१६०५) या निसर्गअभ्यासकाने जमवलेल्या वस्तूंपैकी जे उरलं ते इथे आहे: शंख, शिळा, वाळवलेले प्राणी आणि चित्रं छापण्याचे लाकडी ठसे. ठसे जवळून बघा. एका पानाच्या शिरा कोरायला किती काम लागतं ते छापील पानावरून कळत नाही.

१३ मे १५७२ रोजी, तेरावा ग्रेगरी पोप झाला त्याच दिवशी, बोलोन्याजवळ एका गुराख्याने दोन पायांचा ‘ड्रॅगन’ मारला. लोकांना तो अपशकुन वाटला. आल्द्रोव्हांदीने तो मागवला, मोजला, रंगवून घेतला आणि प्राणी म्हणून त्याचं वर्णन लिहिलं. बहुधा सापाला कुणीतरी दुसऱ्या प्राण्याचे पाय जोडले असावेत. तरीही शकुनाची वस्तू त्याने नमुन्यांच्या कपाटात नेली, याचं मोल कमी होत नाही.

१५७५ मध्ये थेरियाक या, विषावरचा उतारा मानल्या जाणाऱ्या प्रसिद्ध औषधाच्या घटकांवरून औषधविक्रेत्यांशी आणि वैद्यांशी त्याचं बिनसलं. वापरलेले साप योग्य नाहीत, असं त्याचं म्हणणं. नगरातल्या पदांवरून त्याला पाच वर्षांसाठी दूर केलं गेलं. शेवटी नात्यातल्या त्या पोपकडेच धाव घ्यावी लागली. बाकीची दालनं अठराव्या शतकाची आहेत, वेळ नसेल तर सोडा. दुपारच्या गाडीने पादुआ. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

शुक्रवार : पादुआ

ट्रामने ‘सान्तो’ थांब्यावर उतरून वनस्पती-उद्यानात दार उघडताच शिरा. २९ जून १५४५ च्या व्हेनिसच्या सिनेटच्या निर्णयाने हे उभं राहिलं. मागणी फ्रान्चेस्को बोनाफेदे या द्रव्यगुणाच्या प्राध्यापकाची. मूळ जागेवर टिकून राहिलेलं हे जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठीय उद्यान. ८४ मीटर व्यासाचं वर्तुळ, आत चौरस, चौरसाचे चार भाग. भोवतीची भिंत १५५२ ची, कारण औषधी रोपं चोरीला जात होती. दाराशी दगडावर नियम कोरलेले आहेत: फांदी मोडू नका, फूल तोडू नका, बी घेऊ नका, मूळ उपटू नका. सर्वांत जुनं झाड १५८५ चा भूमध्य ताड, आता काचघरात आहे. त्याला पाहून १७८६ मध्ये जर्मन कवी गटे वनस्पतींच्या मूळ रूपाचा विचार करू लागला.

उद्यान कशासाठी हवं होतं ते समजून घेतलं तर ते नुसतं शोभेचं राहत नाही. त्याच्या सुमारे दीड हजार वर्षं आधी ग्रीक वैद्य डायोस्कोरिदिसने केलेली वर्णनं दोन-चार ओळींची, चित्रं नकलेवर नकल होऊन बिघडलेली. मुळं विकणारा जे देईल ते औषधविक्रेता घेई आणि वैद्य लिहून मोकळा होई. बोनाफेदेचं म्हणणं असं की विद्यार्थ्याने झाड जिवंत, फुलात, हाताने ओळखलं पाहिजे. म्हणून व्याख्यान सभागृहात आणि ‘दर्शन’ वाफ्याशी, अशी दोन वेगळी कामं ठरली.

जी झाडं इथे येतच नव्हती त्यांचं काय? पुढे या उद्यानाचा प्रमुख झालेला प्रोस्पेरो आल्पिनी १५८० च्या दशकात इजिप्तला जाऊन आला. ग्रंथांत ज्याची महती आहे तो बलसान हा सुगंधी डिंक कोणत्या झाडाचा, हे पाहणं त्याच्या कामांपैकी एक. कॉफीचं झाडही त्याने १५९२ मध्ये वर्णिलं. आणि गोव्यात गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य हेच करत होता. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेल्या त्याच्या ग्रंथात मिरी आणि पिंपळी ही दोन वेगळी झाडं असल्याचं त्याने ठामपणे सांगितलं. युरोप तोवर पिंपळीला मिरीचंच कोवळं फळ समजे. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि कोकण-मलबारच्या द्रव्यांची माहिती इथल्या प्राध्यापकांच्या हाती गेली. पणजीच्या बागेला ऑर्ताचं नाव आहे, पण बागेत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

दुपारी पालाझ्झो बो. इथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं आणि जागा मोजक्या; आधी आरक्षण केलंच पाहिजे. शरीररचनेचा प्राध्यापक जिरोलामो फाब्रिची याच्या पुढाकाराने १५९५ मध्ये सुरू झालेलं शरीररचना-सभागृह सहा लंबवर्तुळाकार कठड्यांचं आहे. बसायला जागा नाही, सगळे उभे. पाहुण्यांना खालून वर पाहायला मिळतं, म्हणजे मृतदेहाच्या जागेवरून. प्रत्येक कठडा वरच्या बाजूला रुंदावत जातो, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्याला खालचं टेबल समोरच्या डोक्यांमुळे झाकलं जात नाही.

व्हेसालियस इथे १५३७ मध्ये पदवी घेऊन दुसऱ्याच दिवशी शल्यशास्त्र शिकवू लागला. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याने माणसाच्या नावावर माकडं-जनावरं फाडली होती, हे त्याला हळूहळू कळलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांची ‘अद्भुत जाळी’ असते असं गेलन सांगतो. ती मेंढीत असते, माणसात नसते. व्हेसालियस स्वतः आधी विच्छेदनाच्या वेळी जनावराचं डोकं जवळ ठेवून त्यातच ती जाळी दाखवत असे. १५४३ च्या ग्रंथात त्याने ते सांगितलं. इतका हुशार माणूसही नसलेली गोष्ट वर्षानुवर्षं दाखवत राहिला, यावरून पुस्तकाचं वजन कळतं.

फाब्रिचीने नीलांमधल्या झडपा १६०३ मध्ये छापल्या. रक्त यकृतातून अवयवांकडे जातं हे गृहीत असल्यामुळे झडपा त्या प्रवाहाला आवर घालतात, इतकंच त्याला दिसलं. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने १६०२ मध्ये इथून पदवी घेतली आणि १६२८ मध्ये त्याच झडपांवरून दाखवलं की नीलेतलं रक्त हृदयाकडेच येतं.

वेळ उरला तर जवळच्या जुन्या रुग्णालयातल्या वैद्यक-इतिहासाच्या संग्रहालयात जा. तिथे सान्तोरियो सान्तोरियो या वैद्याचा विचार करावा. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून खाणं-पिणं आणि मलमूत्र वजन करत त्याने १६१४ मध्ये लिहिलं की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतलं तर सुमारे पाच पौंड न दिसणाऱ्या वाफेने जातात. सिद्धांत अजून रसांचाच, पण आता तो पौंडांत मांडला जात होता.

शनिवार : राशी आणि थेरियाक

सकाळी पालाझ्झो देल्ला राजोनेचं वरचं सभागृह. खाली अजूनही भाजी-मांसाचा बाजार भरतो. भिंतींवर महिने, ग्रह, राशी यांची तीनशेहून जास्त चित्रं. पिएत्रो द'आबानो या वैद्य-ज्योतिषाच्या विचारांवर बेतलेली. मूळ चित्रं १४२० च्या आगीत गेली, आताची त्यानंतरची. मेष म्हणजे डोकं, वृषभ मान, तिथून खाली मीन म्हणजे पावलं. ज्या राशीत चंद्र, त्या अवयवाला शस्त्र लावायचं नाही. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, म्हणजे थांबणं फार नसे. आपलं पंचांग उघडून ताडून पाहू नका: तिकडची गणना सायन (वसंतसंपातापासून), आपली निरयन (स्थिर ताऱ्यांवरून), सुमारे २४ अंशांचा फरक पडतो.

अर्ध्या तासात व्हेनिस. स्टेशनवरून चालत रिआल्तो पुलाशी या. सान बार्तोलोमेओच्या बाजूला भिंतीवर सोनेरी मस्तक दिसेल. ‘सोनेरी डोकं’ या औषधालयाची ती खूण. थेरियाक इथला विख्यात.

गेलनने दिलेल्या नुसख्यात साठाहून जास्त घटक. समुद्री कांद्याच्या वड्या ४८ ड्राम. सापाच्या वड्या, पिंपळी आणि अफू प्रत्येकी २४ ड्राम. (एक ड्राम म्हणजे साधारण साडेतीन-चार ग्रॅम.) पुढे कमी-कमी मापाने दालचिनी, सुंठ, मिरी, केशर, कोष्ठ, जटामांसी, वेखंड, बोळ अशी यादी. मध सगळ्या चूर्णाच्या तिपटीच्या आसपास. यातलं बरंचसं आपल्या बाजूच्या समुद्रातून येई, म्हणूनच व्हेनिसचा थेरियाक अस्सल मानला जाई.

साप घोणशीच्या कुळातला, पादुआजवळच्या युगानियन टेकड्यांतला. शीतनिद्रेतून नुकता उठलेला नको, कारण तो रोडावलेला असतो. गाभण मादी नको. खारट जमिनीवरचा नको, कारण त्याने रोग्याला तहान लागते अशी समजूत. डोक्याकडून आणि शेपटीकडून चार-चार बोटं कापून टाकायची, कातडी-आतडी काढायची, मीठ आणि शेपू घालून मांस शिजवायचं, काटे वेचायचे, सुक्या पावाच्या चुऱ्याबरोबर कुटून वड्या करायच्या आणि सावलीत वाळवायच्या. पाव जास्त झाला की वडी स्वस्त आणि दुबळी, म्हणून फसवणूक इथेच होई. डिंक वाइनमध्ये विरघळवून, चूर्ण आणि कोमट मध घालून सारं कालवत आणि महिनोन्‌महिने मुरू देत.

ही फसवणूक होऊ नये म्हणून घटक मिसळण्याआधी चौकात मांडून ठेवत आणि कुटणं उघड्यावर, अधिकाऱ्यांच्या देखत होई. काम्पो सान्तो स्तेफानोच्या फरशीत खलांच्या बुडांनी पडलेले गोल खळगे दाखवले जातात. ओल्या दिवशी ते चटकन दिसतात. औषधाचा गुण मुख्यतः अफूचा: वेदना, खोकला, जुलाब तिघांवर तिचा असर असतोच. विषावर मात्र सापाच्या मांसाचा काही उपयोग नव्हता.

रविवार : लाझ्झारेत्तो नुओव्हो

फोन्दामेन्ते नोव्हेहून १३ क्रमांकाची बोट. बेटाचा थांबा विनंतीचा आहे, चढतानाच कर्मचाऱ्याला सांगा, नाहीतर बोट पुढे निघून जाईल. डासांचं मलम आणि पाणी बरोबर हवंच. फेरी मार्गदर्शकासह आणि ठरलेल्या वेळी.

१४२३ मध्ये व्हेनिसने प्लेगच्या रोग्यांसाठी एक बेट राखलं, १४६८ मध्ये हे दुसरं, संशयित जहाजांसाठी. ४० दिवस थांबायचं. लोकर, कापूस, कातडी हा धोक्याचा माल. धान्य, धातू, लाकूड कमी धोक्याचं. गठ्ठे उघडून हमाल हात घालून हलवत, हवा देत, सुगंधी झुडपांचा धूर करत. शंभर मीटरहून लांब असलेल्या मालगोदामाच्या भिंतींवर सोळाव्या शतकातली गेरूची अक्षरं आहेत: जहाजांची नावं, मालाच्या खुणा, तारखा. विजेरी तिरकी धरली की जास्त वाचता येतात.

कारण म्हणून वैद्य दूषित हवा सांगत. जिरोलामो फ्राकास्तोरो या वैद्याने १५४६ मध्ये संसर्गाची ‘बीजं’ आणि त्यांचे तीन मार्ग मांडले: स्पर्श, कपड्यांसारख्या वस्तू, आणि दुरून. व्हेनिसचे आरोग्य-अधिकारी कापसाला धान्यापेक्षा घाबरत होते ते मात्र त्याच्या बरंच आधीपासून, अनुभवावरून.

१५७६ च्या जूनमध्ये पादुआचे दोन नामांकित प्राध्यापक, मेर्कुरियाले आणि कापोदिव्हाक्का, सरकारपुढे म्हणाले की हा खरा प्लेग नाही. हवा दूषित नाही, मरणारे बहुतेक गरीब आणि संख्या थोडी, म्हणजे ग्रंथातली व्याख्या बसत नाही. त्यांना रोग्यांच्या घरी जाण्याची मोकळीक मिळाली. ते घरोघर फिरले. मृत्यू वाढतच गेले, आणि महिन्याच्या आत त्यांना माघार घ्यावी लागली. १५७५ ते १५७७ या काळात व्हेनिसने सुमारे ५०,००० माणसं गमावली.

शहरातल्या दुकानांत टांगलेले चोचीचे मुखवटे प्लेगच्या वैद्याचे म्हणून विकले जातात. तो पोशाख सतराव्या शतकातला, या साथीनंतरचा. घ्यायचंच असेल तर बेटावरच्या भिंतींच्या लेखांचा छापील संग्रह मिळतो का ते पाहा. परतीची बोटही विनंतीचीच आहे. फेरी संपली की लगेच धक्क्यावर या.